डाव्या कानाचं मशीन

आमच्या सेवा क्लबात शिट्टीकाका एकही भाषण ऐकत नसत, आणि त्यांच्यावाचून एकही भाषण पार पडत नसे. माइक त्यांच्या ताब्यात. त्याने शिट्टी घातली की काका बसल्या जागी एक बटण इवलंसं फिरवत आणि शिट्टी थांबे. म्हणून हे नाव. धंदा रेडिओदुरुस्तीचा. रेडिओ गेले तसे ते कानाची मशीनं दुरुस्त करू लागले. लोकांनी क्लबच्या खोक्यात टाकलेली जुनी मशीनं चालती करायची हे त्यांचं काम, आणि ती परदेशातल्या गरिबांच्या दवाखान्याला धाडायची हे माझं, कारण चिटणीस मी. फुकटची हमाली नेहमी माझ्याच गळ्यात.

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. त्यामुळे काकूंचा बहिरेपणा मला तोंडपाठ होता. उजवा कान पार गेलेला, डाव्यात मशीन. "अहो, डावीकडून बोला," असं काकू जन्मभर सांगत आल्या आणि काका जन्मभर विसरत आले. त्यात पलंगाची डावी बाजू भिंतीला चिकटलेली. तिकडून बोलायचं तर माणसाने भिंतीतच शिरायला हवं. पलंग सरकवू, सरकवू म्हणता म्हणता काकू गेल्या.

त्या गेल्यावरही रोज रात्री वरून आवाज यायचा. आधी खुर्ची ओढल्याचा, मग काकांचा. "झोपलीस का गं? दिवा मालवू का?" थोडा वेळ शांतता, मग बटणाचा खटका. सुरुवातीला मला रडू यायचं, नंतर सवय झाली.

एके दिवशी ते काकूंचं, लाल ठिपक्याचं मशीनही खोक्यात टाकायला घेऊन आले.

"काका, हे तरी राहू द्या की," मी म्हटलं.

"कपाटात शिट्टी घालतं गं."

"मग सेल काढून ठेवा."

"सेल काढलेलाच आहे."

मी ते खोक्यात टाकलं. मशीन इतर मशीनांबरोबर परदेशी गेलं.

यंदा त्यांच्या मुलीने धोशा लावला की एकटे राहू नका, घर विकून माझ्याकडे चला. महिनाअखेर ती न्यायला येणार होती. काका मला म्हणाले, "तुझ्या काकूला माझं ऐकू येत नाही, एवढं एकदा नक्की कळलं ना, तर मी उद्या निघेन. पण येत असलं तर? मी उठून गेलो तर ती तिथे एकटीच." मी म्हटलं, खुशाल जा. मी व्यवहारी बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, निदान तेव्हा नव्हता.

त्याच महिन्यात सभेला एक नर्सबाई बोलायला आल्या. परदेशातल्या त्याच दवाखान्यात वर्षभर बिनपगारी काम करून परतलेल्या. आमचीच मशीनं त्यांनी तिथल्या लोकांच्या कानात बसवली होती. परदेशात सेवेला जायचं तर काय तयारी लागते ते त्यांनी सांगितलं, फोटो दाखवले. आमचे अध्यक्ष पेंगायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, शेवटी एक गंमत सांगते.

"तिथे एक आजीबाई आहेत. आपल्या भाषेचा त्यांना गंधही नाही. मशीन बसवलं आणि थोड्याच दिवसांत तक्रार घेऊन आल्या. रोज भर दुपारी, भांडी घासताना, कानात एक पुरुष बोलतो म्हणे. काय बोलतो विचारलं, तर पाठ केल्यासारखं म्हणाल्या," आणि नर्सबाईंनी आजीचा बोबडा सूर काढला, "झोपलीस का गं? दिवा मालवू का?" मग आपल्या सुरात म्हणाल्या, "आता बोला! मी म्हटलं, आपल्याकडचा रेडिओ लागत असेल."

सभा हसली. मीही हसत होते. तिथली भर दुपार म्हणजे आपली निजायची वेळ, हे त्या हसण्यातच माझ्या ध्यानात आलं. माइक किंचाळायला लागला. काकांनी बटणाला हात लावला नाही. अध्यक्षांनी दचकून उठून वायर उपटली, तरी काका समोर बघत बसले होते.

सभा संपल्यावर ते नर्सबाईंपाशी गेले. मी मागे होतेच.

"मशीनवर लाल ठिपका आहे का? नखांना लावतात त्या रंगाचा?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आहे."

"आणि त्या माणसाचं बोलून झाल्यावर? दुसरं काही ऐकू येत नाही त्यांना?"

"येतं. एक बाई बोलते. जरा चिडूनच. रोज तेवढंच, डावीकडून बोला."

काका खुर्ची धरून खाली बसले. आता काका मशीन परत मागणार, असं मला वाटलं. मी मागितलंच असतं. पण त्यांनी विचारलं, "आजीबाईंना त्यातनं आपल्या माणसांचं ऐकू येतं ना?"

"नातीचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला."

"मग असू दे त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या नवऱ्याने वर जाऊन पलंग भिंतीपासून ओढला. काकांनी आपली खुर्ची त्या फटीत नेऊन ठेवली. खोलीत चांगलं ऊन आलं होतं, तरी मी तिथे रेंगाळले नाही. मुलीला त्यांनी फोन केला, येऊ नकोस म्हणून.

त्या दिवसापासून वरचा आवाज बदलला. काका एक वाक्य बोलत, थांबत, मग पुढचं बोलत. फोनवर बोलताना माणूस थांबतो तसं. मधूनच हसत. आम्ही खाली झोपायची खोली बदलली.

पुढे नर्सबाईंचा फोन आला. आजीबाईंचा निरोप होता. तो सांगायला मी काकांच्या दुकानात गेले.

"आजी म्हणतात, आता दोघं पुष्कळ बोलतात. म्हणून दुपारी त्या मशीन काढून ठेवतात. नवरा-बायकोचं बोलणं परक्या माणसाने ऐकू नये म्हणे."

काकांचे कान लाल झाले. "शहाणी बाई आहे," ते म्हणाले.

"काका, पण काकू काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येतं?"

"मला? छे. मला कुठलं ऐकू यायला."

म्हणजे आजीने मशीन काढल्यापासून काकूंचं बोलणं ऐकणारं कुणीच उरलं नव्हतं, आणि काकू बोलत होत्या.

"मग मध्ये मध्ये थांबता ते कशाला?"

"तिचं बोलून व्हायला नको?" काका म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागले.