आबांचं हिब्रू मानपत्र

तमाम बंधू-भगिनींनो, हातातली कामं खाली ठेवा आणि कान इकडे करा. माजलगाव तालुक्याच्या इतिहासात हिब्रू आणि इंग्रजी एकत्र नांदवणारं पहिलं मानपत्र माझ्या दुकानात छापलं गेलं. त्याबद्दल अजून कुणी माझा सत्कार केलेला नाही. म्हणून मीच सांगतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. स्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि दारात चपला काढायची पाटी. आमच्याकडचे एक मोठे बागायतदार, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणे, ते ठिबक बघायला शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर इस्रायलला जाऊन आले होते. आता तिकडचा एक पाण्याचा तज्ज्ञ त्यांचा ऊस बघायला येणार होता. शाल-श्रीफळ ठरलेलंच. पण मानपत्र पाहुण्याच्या भाषेत पाहिजे, असा आबांचा हट्ट. वरचं इंग्रजी इथल्या कॉलेजातल्या सरांनी लिहिलं. खालचं हिब्रू सहलीच्या गाईडनं तिकडून फॅक्सनं पाठवलं. सहा ओळी.

आबांनी फॅक्स टेबलावर ठेवला आणि दुकानाचं दार आतून लोटलं.

“आधी सांगा, ह्यात शिव्या तर न्हाईत?”

“आबा, मला कुठं वाचता येतंय? पण तो गाईड कावून शिव्या देईल?”

आबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “त्याचा माझ्यावर राग हाय. तिथल्या शेतातल्या ठिबकच्या नळीचा एक ड्रिपर मी खिशात टाकलता. बघायला. त्यानं समद्या बसमदी काढायला लावला.”

तर अशी कामगिरी. गाईडनं काय लिहिलंय ते आबांना माहीत नाही आणि आपण काय छापतोय ते मला माहीत नाही. भर मांडवात घोटाळा झाला असता तर आबांची अब्रू गेली असती, आणि आबांनी माझं दुकान जागेवर ठेवलं नसतं.

आता हिब्रू उजवीकडून डावीकडं चालते आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडं. दोघांना एका कागदावर बसवणारं सॉफ्टवेअर शोधायचं होतं. बीडच्या एका छापखान्यात उर्दूचं होतं. ते उजवीकडून चाले, पण त्यात हिब्रूची अक्षरंच नव्हती. शिवाय कुणी चोरून कॉपी करू नये म्हणून ते कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचलेल्या एका इलेक्ट्रॉनिक कुलपाशिवाय उघडत नसे, आणि मी नुसतं कुलपाकडं पाहिलं तरी मालक खुर्ची पुढं सरकवून बसला. मग औरंगाबादच्या एका विक्रेत्यानं अस्सल हिब्रूची म्हणून एक सीडी दिली. ती टाकली तर पडद्यावरची बटणंसुद्धा हिब्रूत झाली. छापायचं कोणतं आणि पुसायचं कोणतं, काही कळेना. त्या सीडीवर माझा तेव्हापासून जो संशय बसला तो आजतागायत आहे.

शेवटी मी घरचंच सॉफ्टवेअर निवडलं. ते फक्त डावीकडून उजवीकडं चाले. पण माझ्याकडच्या फॉन्टांच्या सीडीत हिब्रूही निघाला, म्हणून प्रत्येक ओळ शेपटाकडून डोक्याकडं टाईप करायची युक्ती काढली. एकेक अक्षर चित्रासारखं जुळवलं. तीन दिवस गेले.

तपासायला माझे चुलते आले. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे उजवीकडून वाचायची डोळ्याला सवय. हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, पण संशय जन्मजात. पट्टी लावून त्यांनी माझा कागद फॅक्सशी ताडून पाहिला. दोनदा.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “आता ह्याला हात लावू नको बे.”

ते घरी गेले आणि आबा आले. कागद लांब धरून त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

“साहेबांचा फोटू कुठंय?”

“आबा, मानपत्र पाहुण्याला. त्यात पक्षाचे साहेब कशाला?”

“आमच्या कार्यक्रमात साहेबांचा फोटू न्हाई म्हंजे आबा फुटला, असं उद्या अख्खा तालुका म्हणंल. टाका.”

टाकला. साहेब हिब्रूच्या शेजारी बसले आणि हिब्रूला निम्मीच जागा उरली. सहा ओळींच्या बारा झाल्या. मला तर बरंच वाटलं. कागद कसा भरगच्च दिसत होता! चुलत्यांना परत बोलवायचं माझ्या मनातही आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात मी खांबाला धरून उभा होतो. पाहुण्यानं शाल घेतली, नारळ घेतला आणि फ्रेम हातात घेऊन वाचायला लागला. पहिल्याच ओळीला थांबला. मग त्याची मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ओळी शेपटाकडून टाईप केल्या होत्या, म्हणून जागा कमी पडल्यावर प्रत्येक ओळीचं डोकं खालच्या ओळीत घसरलं होतं! बिचारा आधी दुसरी ओळ वाचे, मग पहिली. आधी चौथी, मग तिसरी. पुढच्या रांगेतल्या मंडळींना वाटलं, पाहुणा भक्तिभावानं मान डोलावतोय. त्यांनीही माना डोलावायला सुरुवात केली.

आबा मात्र पाहुण्याच्या तोंडाकडं बघत होते. माइक त्यांच्याच हातात होता.

अचानक पाहुणा खो खो हसला. मी खांबाआड सरकलो. हसत हसत तो शेजारच्या सरांना इंग्रजीत भराभर सांगू लागला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, घसा खाकरला आणि भाषांतराला सुरुवात केली.

“आपल्या सन्माननीय पाहुण्यांचं असं म्हणणं आहे की, या मजकुराची मांडणी जरी...”

“मांडणी ऱ्हाऊ द्या, सर!” आबा माइकवरच ओरडले. “शिव्या हायत का न्हाईत, तेवढं सांगा!”