नळीतलं लोखंड

जुन्नरच्या बाजारपेठेत चांदभाईंचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. थोरली मुलगी आरफा काय करते, असं कुणी विचारलं की ते 'कॉलेजात असते' एवढंच सांगायचे. त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आरफा अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती. मागच्या बाजूच्या खोलीत एक लांबट भट्टी आणि तिच्यातून आरपार गेलेली क्वार्ट्झची काचनळी, हेच तिचं जग. नळीच्या तोंडाशी फेरोसीनची, म्हणजे लोखंड आणि कार्बन असलेल्या रसायनाची, नारिंगी पूड ठेवून तापवायची. तिची वाफ आर्गॉन वायूबरोबर पुढे सरकते, भट्टीच्या धगीत फुटते आणि काचेवर काजळी धरते. त्या काजळीत कार्बनच्या नॅनोट्यूब असतात, केसापेक्षा कितीतरी बारीक नळ्या. त्यांना चुंबकाचा गुण यावा म्हणून त्यांच्या पोटात लोखंड भरलेलं हवं होतं. आरफाच्या नळ्या मात्र पोकळच निघत.

सुरुवातीला सोबत तिथंच संशोधन करणारी हर्षाली होती. भट्टी तापेपर्यंत दोघी डबा खात, वाद घालत. मग हर्षालीला पुण्यात नोकरी लागली आणि खोलीत फक्त नळीतली हवा ओढणाऱ्या पंपाची घरघर उरली. मध्येच वीज गेली की सगळं वाया जाई. आरफा मुकाट्यानं काजळी खरवडायची, नळी धुवायची, पुन्हा भट्टी लावायची. घरी जाऊन काय सांगणार? आज वीज गेली म्हणून रडू आलं, असं सांगितलं तर कुणाला पटणार होतं?

शेवटी तिनं वायूचा वेग कमी केला आणि पूड जास्त तापवली, म्हणजे लोखंडाची वाफ दाट होईल. दिवाळीच्या सुट्टीत, पुण्याला तपासायला पाठवलेल्या काजळीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो आले. राखाडी नळी, आणि तिच्या आत सलग काळी रेघ. लोखंड भरलं होतं.

ती व्हरांड्यात धावली. कॉलेज रिकामं होतं. हर्षालीला फोन लावला, तो कट झाला, म्हणून फोटो पाठवला. थोड्या वेळानं मोबाइलवर तिचं अंगठ्याचं चिन्ह आलं, बस्स.

संध्याकाळी दुकानात जाऊन तिनं अब्बांपुढे मोबाइल धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"लोखंड आत घातलं कसं?"

"घालावं लागत न्हाई, अब्बा. वाफेतनं नळी अन् लोखंड संगंच वाढतं."

त्यांनी चष्मा काढला. मग हातोडी बाजूला ठेवून म्हणाले, "तिथं तुज्यासंगं कोण असतं?"

"कुणी न्हाई."

दुसऱ्या दिवशी चांदभाईंनी दुकान उघडलं नाही. तिच्याबरोबर एसटीनं नारायणगावला आले, गाडी बदलून अवसरी फाट्यावर उतरले आणि भट्टीजवळच्या स्टुलावर दिवसभर बसून राहिले. दुपारी बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. आरफा त्यांच्याकडे पाहत काम करत राहिली. त्या दिवशी डबा तिला चवीचा लागला.

पण दुकान बंद ठेवून कितीदा येणार? ते पुन्हा आले नाहीत. पुढे तिचा शोधनिबंध छापून आला. त्यांनी गल्लीत दोघातिघांना सांगून पाहिलं. लोक हो हो म्हणाले आणि कांद्याच्या भावावर आले.

आरफानं नवी पूड तोलली, नळीचं तोंड घट्ट केलं आणि पंप सुरू केला. आता लोखंडाच्या जागी कोबाल्ट धातू भरून पाहायचा होता.