गुरुजींपेक्षा मोठा आकडा

संत्र्याच्या बगीच्यातला माल मी झाडं फुलावर असतानाच विकत घेत आलो. झाडाभोवती एक चक्कर मारली की माल किती निघेल ते सांगायचो. एका झाडानं तर माझा आकडा ऐकून लाजेखातर दोन संत्री जास्त धरली. सौंसरात कुणालाही विचारा. मीच सांगितलंय सगळ्यांना.

म्हणून नागपूरच्या डॉक्टरनं माझी प्रोस्टेटची गाठ काढल्यावर माझाच अंदाज बांधला, तेव्हा मला राग आला. गाठीचा रिपोर्ट, आधीचं रक्त, सगळं कॉम्प्युटरमध्ये टाकलं आणि म्हणाला, कॅन्सर परत येण्याची भीती जास्त. माझ्याभोवती एक चक्करसुद्धा मारली नाही! माझ्यामागून आत गेले रामाकोन्याचे एक रिटायर्ड गुरुजी. ऑपरेशन तेच, पण त्यांना भीती कमी सांगितली.

तिथून दोस्ती जमली. दर तीन महिन्यांनी पीएसएची रक्ततपासणी. ऑपरेशननंतर हा आकडा नसल्यासारखा राहायला हवा. चढू लागला की आजार परतला समजायचं. गुरुजी बसमध्ये माझ्या आधी, रामाकोन्यालाच चढत आणि रुमाल टाकून माझी जागा धरत. बायको गेल्यापासून माझी वाट पाहणारं तेवढंच एक माणूस. आम्हा दोघांनाही लघवी धरवत नसे. मी त्यांना सांगितलं, माझ्या भरवशावर सरकारनं एक कालवा मंजूर केलाय. ते कळवळून म्हणाले, "हसवू नका शेठ, दुसरं धोतर नाही आणलं."

या उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा अंदाज उलटा पडला. माझा आकडा जागचा हलला नाही; गुरुजींचा मागच्या खेपेला थोडा चढला होता, तो आता चांगलाच चढला. रेडिएशन घ्यावं लागेल, डॉक्टर म्हणाला. दवाखान्याच्या बाकावर गुरुजी चष्मा पुसत बसले होते. बराच वेळ पुसला.

"तुमचा किती आला?"

"माझं काय विचारता गुरुजी. तुमच्या दुप्पट."

"खरं सांगून राहिले?"

"डॉक्टरनं पहिलेच सांगतलं होतं ना मले."

जन्मात पहिल्यांदा माझ्या थापेला पुरावा होता, तोही कॉम्प्युटरचा. गुरुजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "मग सोबत आहे."

आता ते रेडिएशनसाठी नागपुरात मुलीकडे राहतात. मला डॉक्टरनं थांबून पाहायला सांगितलंय, अशी मी बतावणी केली आहे. पोरगा पुण्याहून विचारतो, त्याला म्हणतो, रिपोर्ट यायचाय. सून रामाकोन्याचीच, तिच्या कानावर गेलं की चहा गार व्हायच्या आत बातमी गुरुजींच्या घरी पोचेल. साधा पाय मुरगळला तरी चार गावं जागवणारा मी, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी खुशखबर घेऊन घरात एकटा बसून आहे. काल भिंतीला सांगून पाहिली. तिनं नवल केलं नाही.

संध्याकाळी गुरुजींचा फोन येतो. आवाज बारीक झालाय, पण धीर मलाच देतात. काल विचारलं, आज कसं आहे?

मी म्हणालो, "कमरेत थोडं दुखून राहिलं, गुरुजी."

मग ते उत्साहानं किती तरी वेळ बोलत राहिले, आणि मी मधूनमधून कण्हत ऐकत होतो.