झाडं तोडली आणि नात कच्ची ठरली

नातीच्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीलगत शिरीषाची मोठी झाडं होती. ती तोडली. शाळेने आपण होऊन नाही, मुलांच्या आयांनी तोडायला लावली. इथे कोलकात्यात बऱ्याच आया मुलांना शाळेत सोडून घरी जात नाहीत. सुटेपर्यंत फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून गप्पा मारत बसतात. त्यांच्या अंगावर सुरवंट पडायचे. एकीच्या मानेवर गांधी उठल्या, तशा सगळ्या मोठ्या बाईंकडे गेल्या. पुढे कोण? आमची सूनबाई.

झाडं गेली आणि दुपारचं ऊन थेट बाकांवर आलं. खिदिरपूरच्या गोदीकडे जाणारे ट्रेलर वर्गातून गेल्यासारखे वाजू लागले. म्हणून खिडक्या बंद, आणि पंख्यांची घरघर. नात तिसरीत आहे. म्हणाली, "आजी, मिसचं तोंड हलताना दिसतं, पण ऐकूच येत नाही." श्रुतलेखनात हिची चूक शोधावी लागायची, आता अर्धे शब्द गाळते.

पालकसभेला मी सुनेबरोबर मुद्दाम गेले. वर्गाच्या बाई मला इथल्या रीतीने माशिमा, म्हणजे मावशी, म्हणत हिंदीत म्हणाल्या, "माशिमा, मुलगी कच्ची आहे. सुटल्यावर जादा तासाला बसवा, नाहीतर पुढच्या वर्षी कच्च्यांच्या तुकडीत जाईल."

"जादा तास कुठे घेता?"

"याच वर्गात."

"म्हणजे दिवसभर शिजली ती पुरे नाही? झाडं होती तेव्हा हीच पोर पक्की होती ना?"

बाईंनी पदराने मान पुसली. "मीही इथेच बसते, माशिमा. झाडं तोडा असं मी नव्हतं सांगितलं." आणि सुनेकडे पाहिलं.

सून माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, झाडांचा आणि मार्कांचा काय संबंध? लोक हसतील."

हसू देत. मी चौथीपर्यंत शिकले. ऐकू आलं नाही तर लिहिता येत नाही, एवढं कळायला चौथीसुद्धा लागत नाही.

तरी सुनेने जादा तास लावलाच. पोर लालबुंद होऊन घरी येते, डोकं दुखतं म्हणते, ताट सरकवते. काल माझ्याजवळ येऊन विचारलं, "आजी, मी ढ आहे का गं?"

"तू नाहीस. ढ तुझी आई. आणि तिच्याबरोबर गेलेल्या त्या सगळ्या."

स्वयंपाकघरात पोळ्या लाटणं थांबलं. थांबू दे. सुनेला ऐकू जावं म्हणूनच बोलले मी.