बोलुंबूचा बांध

बोलुंबूच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान! काँगोकाठच्या त्या गावात कुणाचं लग्न मोडो की कुणाचं मडकं फुटो, बाईंचं मत हजर. नवरा ऐकून ऐकून बहिरा झाला म्हणतात. शहाणा माणूस!

कोरड्या दिवसांत बायका रानातल्या ओढ्याला बांध घालून आतल्या खड्ड्यातलं पाणी उपसत, तेव्हा मात्र या जिभेला मान. तिथली बोटभर ठिपकेवाली मासळी चिखलात दडते. उपसणारीच्या पोटात राग असला तर मासळी वर येत नाही, असं सगळ्या मानत. म्हणून आधी काठावर प्रत्येकीनं मनातलं ओकायचं, आणि लपवलं तर खड्ड्यातून चालतं व्हायचं. ओकवून घेणार अर्थात बोलुंबू; बांध तिचा, तिच्या आईकडून आलेला. दुसऱ्यांची पोटं साफ करण्यात बाईंचा हात कोण धरणार!

यंदा म्बंडाका शहरातून तिची लेक म्बोयो आली होती, लेकराला माती दिल्यानंतर पहिल्यांदाच. ती चार दिवस राहावी म्हणून बोलुंबूचा जीव तुटत होता. तोंडानं म्हणाली काय, तर "वाळलीस गं. नवरा उपाशी ठेवतो वाटतं?"

काठावर म्बोयोची पाळी आली.

"माझ्या मनात काही नाही."

उपसून उपसून कंबरा मोडल्या, पण मासा दिसेना. बोलुंबूची नणंद एयेंगा टोपली आपटत म्हणाली, "वहिनी, कुणीतरी पोटात ठेवलंय हो! जिनं ठेवलंय तिनं निघावं!"

सगळ्यांचे डोळे म्बोयोवर. तिनं टोपली उचलली. आता गेली तर ही पोरगी पुन्हा यायची नाही, हे बोलुंबूला कळून चुकलं.

"ती नाही, मी निघते," ती म्हणाली. "नातवाच्या मातीला मी हिला म्हणाले, शहरातलं पाणी पाजलंस, आता भोग. ते मघाशी काठावर माझ्याच्यानं सांगवलं नाही. चुकले गं पोरी."

आणि बोलुंबू स्वतःच्याच बांधातून बाहेर पडली.

तेवढ्यात चिखलात बुडबुडे फुटले आणि मासे तोंड वर काढून हवा गिळू लागले. हवेवर जगणारी जात ती, कधी ना कधी वर येणारच होती. पण हे बायकांना कोण सांगणार? एयेंगा तर डोळे पुसायला लागली, ढोंगी मेली!

म्बोयो मासे वेचत होती. आईकडे न बघताच म्हणाली, "मला अजून राग आहे तुझा."

"असू दे."

"पण घरी जाऊ नकोस. बस तिथंच."