कंपनीच्या टेबलावरचा डबा

गेल्या उन्हाळ्यात अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत, माझा डबा टेबलावरून उचलून खिडकीत ठेवण्यात आला. नोकरीतला माझा दुसरा दिवस होता.

डबा हिशेब पाहणाऱ्या काकूंनी उचलला. म्हणाल्या, "वाईट नको मानू वं पोरी. आमचं सोवळ्याचं राह्यते."

सोवळं कुणाचंच नव्हतं. तिथली रीत अशी : डब्यांची झाकणं उलटी करून टेबलाच्या मधोमध ठेवायची. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या झाकणात आपली भाजी वाढायची. साहेबांच्या झाकणात काकूंचं लोणचं, काकूंच्या झाकणात साहेबांच्या घरचे वडे. माझं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. आडनावावरून उमज पडेना, म्हणून साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घर गावाच्या कोन्या अंगाले?" मी सांगितलं. तेवढं पुरलं.

मी खिडकीपाशी उभी राहून जेवू लागले. रोज. नोकरी कायम व्हायची होती आणि सही साहेबांची लागणार होती. आई फोनवर म्हणाली, "भांडू नको माय. आर्डर हातात येऊ दे पयले." उन्हानं डबा तापायचा. भाजी आंबायची. झोप लागेना.

दर शनिवारी अमरावतीचे एक सर आम्हाला इंग्रजी शिकवायला येत. एका शनिवारी त्यांनी टेबलासमोरच्या फळ्यावर 'कंपनी' लिहिलं. अर्थ सांगितले : व्यापारी संस्था, सोबत, सैन्याची तुकडी. मग मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे पाव. आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आलेला पाव त्याच मुळाचा. एकत्र बसून भाकर खाणारे, ती कंपनी.

"म्हंजे भाकर-मंडळ म्हना ना!" साहेब म्हणाले. सगळे हसले.

"किती गोड अर्थ हाय," काकू म्हणाल्या.

तासानंतर लगेच जेवणाची सुट्टी झाली. काकूंनी सरांना टेबलाशी खुर्ची दिली. मला म्हणाल्या, "तू जाय वं तिकडं."

मी खिडकीतला डबा घेतला. टेबलावर आणला. झाकण उलटं करून मधोमध ठेवलं. खुर्ची ओढली.

"हे काय वं?"

"जेवन."

काकूंनी आपला डबा बंद केला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुयी फाइल माह्याकडं हाय. ध्यानात ठेवजो."

"हाय ध्यानात," मी म्हणाले आणि भाकर मोडली.

साहेब उठले. काकू उठल्या. बाकीचे उठले. सर थोडा वेळ फळ्याकडे पाहत बसले. मग तेही उठले. माझ्या झाकणात कुणी काही वाढलं नाही. मी शेवटचा घास टेबलावरच खाल्ला.

सोमवारपासून त्यांची जेवणं साहेबांच्या खोलीत होतात. फाइलवर अजून सही नाही. मी टेबलावर जेवते.