आईच्या दोरीवरचं घरटं आणि काकांचा हमिंगबर्ड

थांबा, बाकी सगळं राहू दे, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नाहीतर मला जेवण जाणार नाही. आत्ता ई-मेल उघडला तर त्यात एक फोटो. खाली मोठ्या अक्षरांत इंग्लिशमध्ये, "आमचे फुजैरातले हमिंगबर्ड". पाठवणारे कोण, तर आमचे तेव्हाचे शेजारचे काका. आता रिटायर होऊन पुण्यात असतात आणि दिवसभर जुने फोटो स्कॅन करून जगाला पाठवतात. आणि त्याला सगळ्यात पहिला रिप्लाय कोणाचा? माझ्या बाबांचा! "व्हेरी नाइस, सर."

हमिंगबर्ड! फुजैरात! उद्या म्हणतील आमच्या कंपाउंडमध्ये कांगारू बांधला होता.

मी सुट्टीला फुजैराच्या घरी आलेय, समोर आईची तीच कपड्यांची दोरी दिसतेय, आणि माझा नुसता संताप होतोय. तर आधीपासून सांगते.

फुजैरा म्हणजे दुबईवरून निघून डोंगर ओलांडला की पलीकडे समुद्राला लागून. पोर्ट, तेलाच्या टाक्या, आणि मराठी घरं इतकी कमी की कोणाकडे फोडणीत आज लसूण जास्त पडला हे सुद्धा सगळ्यांना कळायचं. आम्ही एका जुन्या व्हिलाच्या अर्ध्या भागात राहायचो. मालकाने मधे भिंत घालून एका घराची दोन केली होती. एकीकडे आम्ही, दुसरीकडे काका-काकू. कंपाउंड एकच, आणि ते काकांचं. कागदावर नाही हो, वागण्यात. कारण तेलाच्या टर्मिनलवर काका बाबांचे बॉस. बाबा त्यांना ऑफिसात सर म्हणायचे, कंपाउंडमध्ये सर म्हणायचे, लुंगीवर दात घासत समोर आले तरी "गुड मॉर्निंग सर".

मी नववीत असताना काका-काकू महिनाभर अमेरिकेला मुलीकडे जाऊन आले. एक महिना! पण परत आल्यावर ऐकावं तर वाटेल जन्म तिकडेच झाला. "तिकडे ना, धूळच नसते." "तिकडे ना, दूध किती घट्ट." आणि मग एके दिवशी बॅगेतून ते लाल प्लॅस्टिकचं बाहेर आलं. लाल बाटली, खाली ताटली, ताटलीला पिवळी प्लॅस्टिकची फुलं, फुलांना भोकं, त्यांतून पक्ष्यांनी गोड पाणी प्यायचं.

"हमिंगबर्ड फीडर," काका म्हणाले. "मुलीकडे असे थवेच्या थवे येतात. आता इथे येतील."

मी शाळेच्या लायब्ररीतलं पक्ष्यांचं पुस्तक तेव्हा पाठच केलं होतं. मी म्हटलं, "Uncle, hummingbirds are only in America."

"म्हणून तर फीडर अमेरिकेतून आणलाय ना," काका म्हणाले.

मी बाबांकडे बघितलं. बाबा फीडरकडे बघत म्हणाले, "क्वालिटी आहे, सर."

फीडर लागला त्यांच्या दाराबाहेर. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर, रंग नको, दोन-तीन दिवसांनी धुवा. हे मी वाचलं. काकांनी नाही वाचलं. त्यांनी साखरेचा पाक केला, एकतारी. काकूंनी त्यात जिलेबीचा लाल रंग टाकला. आणि वेलची! पक्ष्याला वेलची! "अगं, नुसतं गोड कसं द्यायचं, पाहुणे आहेत ते," म्हणाल्या. पाहुणे आले ना, मुंग्या. मग माशा. मग गांधीलमाश्या. पाक घट्ट होऊन भोकांत बसला. काका रोज संध्याकाळी खुर्ची टाकून चहा पीत बसायचे आणि म्हणायचे, "त्यांना जागा सापडायला वेळ लागतो."

आणि आमच्या बाजूला काय चाललं होतं, ते ऐका.

आईने एकदा गावाहून येताना जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, गणपतीला लाल फूल मिळावं म्हणून. तेलाच्या डब्यात लावली होती. तिला येणारं फूल नि फूल देवाला जायचं असं नाही, कारण रोज सकाळी शिंजीर यायचा. इवलासा पक्षी, वाकडी चोच, नर उन्हात आला की निळा-जांभळा चमकायचा आणि मादी अगदी साधी, पिवळट. फांदीवर बसायचा, फुलात चोच घालायचा, ओरडायचा केवढ्यांदा! आई दोन फुलं देवाला तोडायची, बाकी त्यांच्यासाठी सोडायची. कोणी फीडर लावला नाही, कोणी खुर्ची टाकली नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मादीने आमच्या कपड्यांच्या दोरीवर घरटं बांधायला घेतलं. लोंबतं घरटं, छोट्या थैलीसारखं. त्यात काय काय होतं माहितीये? कोळ्याची जाळी, सुकी पानं, चॉकलेटची चांदी, इंग्लिश पेपरची एक पट्टी, आणि आईच्या वातींचा कापूस. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून वाती वळायची, तिथून उचलून न्यायची ही बाई! आईने मग कपडे गच्चीवर वाळत घालायला सुरुवात केली. बादली घेऊन जिना चढायचा, रोज. आणि कोणी चुकून दोरीला हात लावू नये म्हणून घरट्याच्या दोन्ही बाजूंना चिमटे लावून ठेवले, एका बाजूला लाल, एका बाजूला निळा. "याच्या आत यायचं नाही," मला सांगितलं. बाबांना दोनदा सांगितलं.

पिल्लं झाली. दोन चोची. मी शाळेतून आले की आधी तिकडे.

आणि इकडे काकूंचं हळदीकुंकू ठरलं. शुक्रवारी, म्हणजे तेव्हा इथे सगळ्यांना सुट्टी. दुबई, शारजा, कलबा, सगळीकडच्या बायकांना फोन. आणि फोनवर काय सांगायचं? "या गं, आमच्याकडे हमिंगबर्ड बघायला मिळतील." वाण काय लुटणार होत्या, सांगा! छोटे छोटे प्लॅस्टिकचे हमिंगबर्ड फीडर! अमेरिकेतून बॅग भरून आणले होते. म्हणजे प्रत्येक घरी एक एक मुंग्यांची वसाहत.

गुळाच्या पोळ्या कोण करणार? अर्थात आई. "तुझ्यासारख्या कोणाला जमत नाहीत गं." फुकटची स्तुती करून काम करून घ्यायची ही त्यांची जुनी पद्धत.

गुरुवारी संध्याकाळी काका आमच्या बाजूला आले. फीडरवर अजून एकही पक्षी नव्हता आणि उद्या बायका येणार होत्या. घरट्याखाली उभे राहिले, हात मागे, जसे टाकीचं इन्स्पेक्शन करतात.

"हे घरटं इथून कापून फीडरशेजारी बांधू," म्हणाले. "पिल्लं तिथे असली की आई-बाप तिथे येणार. आले की फीडरवर बसणार. सिंपल लॉजिक."

मी म्हटलं, "Uncle, they will leave the babies!"

"बेटा, मोठे बोलतायत." मग बाबांना, "काय रे, कात्री आहे का?"

आणि माझे बाबा, मला हे लिहिताना पण लाज वाटते, माझे बाबा म्हणाले, "हो हो सर," आणि आत गेले कात्री आणायला. आत गेले! पळत!

आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. बाबा ड्रॉवर उघडतायत, ती बघतेय.

"कशाला हवी?"

"अगं, सरांना घरटं जरा हलवायचंय."

आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. बाबा मागे कात्री घेऊन. मला वाटलं आता आई काहीतरी हळूच म्हणेल, नेहमीसारखं, आणि आत जाईल. कारण इतक्या वर्षांत तिने त्या घराला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. काकूंचं लोणचं आई घालायची, काकूंचे पाहुणे आमच्या गाद्यांवर झोपायचे. बाबांचा व्हिसा, प्रमोशन, सगळं काकांच्या सहीवर, हे आमच्या घरात भिंतीसारखं उभं होतं.

"कात्री आत ठेवा," आई बाबांना म्हणाली. "मी तिने कोथिंबीर कापते."

"वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे," काका हसत म्हणाले.

"कापा ना भाऊजी. पण मग उद्याच्या गुळपोळ्यासुद्धा तुमच्या हमिंगबर्डकडूनच लाटून घ्या."

काकांचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

बाबा कुजबुजले, "अगं, सर म्हणतायत ना…"

"सर ऑफिसात. दोरी माझी आहे."

आणि ती तिथेच उभी राहिली, लाल चिमटा आणि निळा चिमटा यांच्या मधे, पिठाचे हात अंगापासून लांब धरून. काका "ओके ओके, खलास" म्हणत गेले. बाबा कात्री घेऊन तसेच उभे. कात्री कुठे ठेवायची हे विसरल्यासारखे.

त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. "उद्या मला काढून टाकलं तर? पोरीची शाळा?" आई पोळ्या लाटत राहिली. पण लाटणं इतकं जोरात फिरत होतं की मला कळलं, तीही घाबरलीये. आणि तरी तिने घरटं वाचवलंय.

शुक्रवारी बायका आल्या. सगळ्या काळ्या साड्यांत, हलव्याचे दागिने घालून एक नवी नवरीसुद्धा. काका कॅमेरा गळ्यात अडकवून हजर, बायकांच्या कार्यक्रमात! फीडर ताज्या पाकाने भरलेला. सगळ्या गोल करून उभ्या. सगळ्यांच्या नजरा वर. फीडरवर कोण आलं, तर गांधीलमाशी. मग तिच्या बहिणी. शारजाच्या एका मावशींच्या गजऱ्यात एक घुसली, आणि त्यांनी जी किंकाळी फोडली! तबकातलं कुंकू सांडलं, एकीने दुसरीचा पदर ओढला, सगळ्या पळत आमच्या बाजूला.

आणि तिथे मादी घरट्याला उलटी लोंबून पिल्लांना भरवत होती.

सगळ्या होत्या तिथेच थांबल्या. इतक्या बायका, आणि गांधीलमाश्या विसरल्या! कलबाच्या मावशी हळूच म्हणाल्या, "बाई गं, आमच्या परसातला शिंजीर की हा." आईने नुसती मान हलवली.

मला वाटलं, आता काका शरमेने आत जातील. हो! शरम! तो माणूस पुढे आला, फोटो काढला आणि मोठ्याने म्हणाला, "सी? बघा बघा. हमिंगबर्ड. फीडर लावल्यापासून ब्रीडिंगच सुरू झालंय इथे."

मी म्हटलं, "Uncle, it's a sunbird."

"सेम फॅमिली, बेटा."

सेम फॅमिली नाहीये! लांबचंही नातं नाहीये! पण कोणाला सांगणार? काकू लगेच वाण वाटायला लागल्या. आणि बाबा? बाबा मागून म्हणाले, "सरांचीच आयडिया." काल रात्री न जेवलेला माणूस आज पोळीवर तूप घेत होता. नोकरी वाचली होती ना. काका खूश होते, तेव्हा बाबा खूश होते. माझ्या मनात काकांबद्दल जे आहे ते आहेच, पण त्या क्षणी बाबांबद्दल जे वाटलं ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

त्या फीडरांचं पुढे काय झालं म्हणता? दुबईच्या एकीने त्यात भांडी घासायचं लिक्विड भरलं. दुसरीने खोबरेल तेल. जगात कुठेही एकाही हमिंगबर्डला त्यातला थेंब मिळाला नसेल.

पिल्लं काही दिवसांनी उडाली. मी शाळेत होते, आईने बघितलं. रिकामं घरटं तिने काढलं नाही, वाऱ्याने आपोआप विरेपर्यंत आमचे कपडे गच्चीवरच वाळत राहिले.

तर आज हा ई-मेल. मी आईला हाक मारली, "आई, ये, बघ तुझ्या घरट्याचं काय झालंय!" ती हात पुसत आली, चष्मा शोधला, स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. खालची ओळ मी वाचून दाखवली. बाबांचा रिप्लायसुद्धा वाचून दाखवला, मुद्दाम, हळू.

आईने फोटो नीट बघून घेतला. मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

"हे बघ माझे चिमटे," म्हणाली. "लाल आणि निळा."

एवढंच. आणि गेली परत, आमटी लागेल म्हणून.

मी मात्र रिप्लाय लिहिलाय. सगळ्यांना, बाबांना सुद्धा. "काका, हा शिंजीर आहे. दोरी माझ्या आईची आहे. चिमटे पण." आणि पाठवून दिलाय. बाबा संध्याकाळी घरी आले की काय होईल ते होईल. यल्ला, म्हणजे इकडच्या भाषेत, चला!

पण मला सांगा ना, तुमच्या कंपाउंडमध्ये होता का असा कोणी, दुसऱ्याच्या दोरीवरचं घरटं स्वतःच्या नावावर लावणारा? आणि खरं खरं सांगा, तुमच्या घरातून त्याला कात्री आणून द्यायला कोण धावलं होतं?